थोडं ऱ्हायलं

बसू, तुझ्या शोकसभेचा मंडप मीच घातला. पांढरं कापड, साधे खांब, फोटोमागं काळा पडदा, दोन माइक, चार स्पीकर. खुर्च्या माझ्या अंदाजानं आणल्या होत्या आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही, या धंद्यात केस पिकले माझे. कुणाच्या सभेला किती माणूस येणार हे मला त्या पुढाऱ्याच्या बायकोआधी कळतं. तुझ्या वेळी मात्र चुकला. टेम्पो परत गोडाऊनला पाठवला, लग्नाच्या लाल कव्हरच्या खुर्च्या मागवल्या, त्याही भरल्या, तरी माणसं रस्त्यापर्यंत उभीच. मी मिक्सरशी उभा राहून ती गर्दी बघत होतो. डोळ्यांत पाणी होतं, खोटं सांगत नाही. पण मनात एकच विचार चालला होता: माझ्या वेळी एवढी येतील का?

येणार नाहीत. गर्दीचा हिशेब माझा धंदा आहे, त्यामुळं स्वतःला फसवायची सोयही नाही.

तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी तुझ्यावर जळतो. जिवंत होतास तेव्हाही जळत होतो. गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं, उलट वाढलंय. मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची? तू आता चुकणार नाहीस, चिडणार नाहीस, चहा सांडणार नाहीस.

त्या स्टेजवर दोन्ही गटांचे लोक एका रांगेत बसले होते. शहराची हद्द वाढवून भोवतालची गावं महापालिकेत घ्यायची म्हणणारे आम्ही शहरवाले, आणि आमची गावं आम्हाला राहू द्या म्हणणारे तुम्ही गाववाले. एरवी ही माणसं एकमेकांच्या लग्नातसुद्धा वेगवेगळ्या पंगतीला बसतात. तुझ्यासाठी एका सतरंजीवर आली. जो उठेल तो म्हणायचा, बसवराज माझा जिवलग मित्र. म्हणू दे. मित्र कितीही असावेत, मी त्यात कंजुषी करत नाही. पण मग आमच्या गटाचे सुहास वकील उठले, खिशातून हातरुमाल काढला आणि म्हणाले, "मी त्यांचा खरा विरोधक होतो."

बसू, ती जागा माझी आहे. मित्राच्या जागा हजार असतात, विरोधकाची एकच. वीस वर्षं मी ती सांभाळली, आणि हा काल आलेला माणूस रुमालासकट तिच्यावर बसतो? मी मिक्सरवर त्याचा आवाज जरा खाली ओढला. अगदी जरासा. मागच्या रांगा ओरडल्या तेव्हा वर केला.

आपली पहिली गाठ तुला आठवत असेल. आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाकडं त्या वर्षी ऑर्केस्ट्राला पैसे नव्हते म्हणून त्यांनी हद्दवाढीवर वाद ठेवला. वाद फुकट होतो. शहराच्या बाजूनं मी, गावांच्या बाजूनं, आमची हद्द जिथं संपते त्या रिंगरोडच्या पलीकडून कुणीतरी खत-बियाण्याचा दुकानदार येणार होता. मी आधी बोललो आणि काय बोललो! पाणी आमचं पिता, बस आमची वापरता, दवाखान्यात आमच्या येता, बाजार आमच्यात करता, आणि घरफाळ्याची गोष्ट निघाली की एकदम शेतकरी होता! शिट्ट्या पडल्या. पोरांनी टोप्या उडवल्या. मग मी माइक पुढं धरून म्हटलं, "आता पलीकडनं आलेलं पावणं बोलतील. या पावणं, घाबरू नका, शहरात कुणी खात न्हाय."

लोक पोट धरून हसले. तू स्टेजवर आलास. पांढरा शर्ट, खिशाला पेन, तोंडात लवंग. बोलण्यात कानडी हेल, नेसरीकडचा. माइकशी थोडा वाकलास आणि म्हणालास, "बोलतो की, मालक. पण आधी तुमचं म्हणणं नीट सांगतो. चुकलं तर थांबवा."

आणि माझं म्हणणं तू मांडलंस. पाणी, बस, दवाखाना, सगळं. टोमणे काढून टाकलेस, आणि काय सांगू, टोमण्यांशिवाय ते जास्त भारी वाटत होतं. वर आणखी एक मुद्दा घातलास: शहराला पसरायला जागा नाही, मोठा निधी मिळत नाही, शहर असंच आखूड राहिलं तर गावातल्याच पोरांना नोकरीसाठी पुण्याची वाट धरावी लागणार. "हे मालक बोलले न्हाईत," तू म्हणालास, "पण त्यांच्या मनात असणार."

माझ्या मनात अजिबात नव्हतं. मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली, जणू मुद्दाम राखून ठेवलं होतं.

"बरोबर सांगितलं का?" तू विचारलंस.

"बरोबर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर तू तुझं सांगितलंस, तेही थोडकं. आमच्यात रस्त्यावरचा दिवा गेला तर सरपंचाच्या दाराची कडी वाजवतो, म्हणालास, तुमच्यात कुणाची वाजवायची तेवढं सांगा, आम्ही उद्या आत येतो. आमची सगळी पेठ हसली. कारण आमच्या गल्लीतला दिवा बरेच दिवस बंद होता, त्या रात्री मंडळाच्या झुंबरात ते झाकलं गेलं होतं. माझी माणसं, माझा मंडप, माझा माइक, आणि टाळी तुला. त्या दिवसापासून जळतोय बघ.

हा माणूस हे शिकला कुठं, ते बघायला मी पुढच्या सोमवारी तुझ्या दुकानी आलो. सोमवारी दुकान बंद, शटर अर्धं वर, बाहेर लाकडी बाक, आत युरियाचा वास. तुझा उपवास असायचा, म्हणून शेंगा, गूळ आणि चहा. तिथं तू मला अव्वाचा, तुझ्या आईचा, कायदा सांगितलास. तुमचे वडील लवकर गेले, घरात तिघं भाऊ, रोज कुरबुरी. जेवायला बसल्यावर कुणी गाऱ्हाणं काढलं की अव्वा म्हणायची, आधी त्याचं सांग. त्यानं व्हय म्हटलं की मग तुझं सांग. तोवर भाकरी टोपलीतच राहायची. "आमच्यात भांडणं थोडी," तू म्हणालास, "दुसऱ्याचं नीट सांगता सांगता आपल्यातलाच दम जातोय, मालक."

तेव्हापासून आपला सोमवार अव्वाच्या कायद्यानं चालला. रस्त्याकडचं टोक माझं, शटरकडचं तुझं. तू माझी बाजू मांडायचास, मी बरोबर म्हणायचो. मग मी तुझी मांडायचो. आणि मांडायचो म्हणजे काय! उभा राहून, हात पसरून, आवाज चढवून, उतरवून. उसाच्या शेतावर बागेचं आरक्षण पडलेल्या म्हाताऱ्याचं वर्णन असं करायचो की रस्त्यानं जाणारी माणसं सायकल टेकवून थांबायची. तू डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचास. मग डोळे उघडून म्हणायचास, "झकास. पण थोडं ऱ्हायलं."

"काय ऱ्हायलं?"

"शोध की."

सांगायचा नाहीस. मी पुन्हा शोधायला लागायचो. आरक्षणाचे नकाशे बघितले, फाळ्याचे दर पाठ केले, ग्रामसभेला मागं उभा राहिलो, गायरान कुठं जातं आणि कुणाच्या घशात जातं ते विचारून आलो. तुझ्या गटाच्या पुढाऱ्यांना तुमची बाजू जेवढी ठाऊक नसेल तेवढी मला झाली. एकदा मी जेवताना घरच्यांना हद्दवाढीचे तोटे समजावत होतो, तेव्हा आमची मंडळी भाजी वाढता वाढता म्हणाली, "तुमी नक्की कुणाकडचं हाय ते एकदा ठरवा. मतदानाला मी कुणाकडं जाऊ?" आणि सोमवार आला की मी नवा मुद्दा घेऊन धावत यायचो, छाती फुगवून मांडायचो, आणि तू लवंग एका गालातून दुसऱ्या गालात ढकलायचास. "हे नवीन हाय. चांगलं हाय. पण थोडं ऱ्हायलं."

मला तुझ्याकडून एक 'बरोबर' पाहिजे होतं, बसू. बाकी सभा, हार, टाळ्या मला बक्कळ मिळाल्या. जे पाहिजे होतं ते तुझ्या त्या लवंगेच्या पाठीमागं अडकलं होतं.

आणि ते तू वकिलाला देऊन टाकलंस.

तो दिवस मी विसरणार नाही. सुहास वकील आमच्या गटात नवीन आला होता, तुझं नाव ऐकून मुद्दाम सोमवारी आला. कडक इस्त्री, अत्तर, माझ्या टोकाला टेकला. मी उभाच. त्यानं तुझी बाजू मांडली, कोर्टात मांडतात तशी, मुद्दा एक, मुद्दा दोन, कुठं हुंदका नाही की हातवारा नाही. मी मनात म्हटलं, आता याला समजेल. आणि तू डोळे उघडलेस, हसलास आणि म्हणालास, "बरोबर, वकीलसाहेब."

पहिल्याच दिवशी! माझ्यासमोर! ज्या मुद्द्यांसाठी मी गायरानं तुडवली त्यांतले निम्मे त्यानं घेतलेही नव्हते. तो उठून गेला तो पुन्हा त्या बाकाकडं फिरकला नाही, काम झालं होतं त्याचं. मग प्रत्येक सभेत सांगत सुटला, विरोधकसुद्धा मला बरोबर म्हणतात. मी त्या दिवशी शेंगांना हात लावला नाही. तू विचारलंस, काय झालं? पोट बिघडलंय म्हटलं. "पोट न्हाय बिघडल्यालं," तू म्हणालास, आणि गुळाचा खडा माझ्यापुढं सरकवलास. समजत होतं तुला सगळं. तरी दिलं नाहीस.

आता त्या क्लिपचं सांगतो. शोकसभेत इतरांनी ती गोष्ट सांगितली, पण चांगल्या भाषेत सांगितली, मी तुझ्याशी तशी कशाला बोलू.

एका हॉलमध्ये आपला जाहीर वाद झाला. अव्वाच्या कायद्यानं मी आधी तुझी बाजू मांडली, आणि त्या दिवशी माझी कळाच निराळी होती. हद्दवाढ म्हणजे गावाच्या उंबऱ्यावर दुसऱ्याच्या नावाची पाटी, असं काहीतरी बोलून गेलो. टाळ्या पडल्या. सकाळी बघतो तर मीच माझ्या मोबाइलवर. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून फिरवला होता, वर लिहिलं होतं, शहरवाल्यांचा वाघ गावाच्या बाजूनं. दुपारपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात मी गट बदलून बसलो होतो. घरच्यांना फोन येत होते, कितीला गेले म्हणून. आमच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं. मी सांगितलं की आमचा तसा कायदा आहे, आधी दुसऱ्याचं सांगायचं. ते म्हणाले, असला कसला खुळ्याचा कायदा? दुसऱ्याचं आपण कशाला सांगायचं, त्याला तोंड नाही का? संध्याकाळच्या सभेतलं माझं भाषण काढलं आणि वकिलाला दिलं. मंडपाची ऑर्डर तेवढी ठेवली.

म्हणजे बघ माझी दशा. ज्या सभेत माझी गद्दारी चघळली जाणार, तिचेच खांब मी रोवत होतो. मिक्सरशी उभा होतो. लोक माझ्याकडं बोट दाखवत होते आणि मी त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येईल याची काळजी घेत होतो.

आणि गर्दीतून तू आलास. एकटा. शत्रूच्या सभेत पांढरा शर्ट घालून, खिशाला पेन लावून. हुर्यो उठली. तू स्टेजखाली उभा राहून अध्यक्षांकडं हात जोडून बोलायला मागितलंस, ते नाही म्हणाले. पण बाजूला दुसरा माइक होता, आणि त्याचं बटण कुणाच्या हातात होतं ते अध्यक्ष विसरले होते. मी तो चालू केला.

"ही क्लिप आमच्यातल्यानं कापली," तू म्हणालास. "त्याच्या आधीचं वाक्य हुतं, 'बसूचं म्हणणं असं हाय.' तेवढंच उडवलं. दिगंबर आमच्यात आला असता तर मला बरंच झालं असतं. पण न्हाय आला. त्यो तुमचाच हाय. उद्या आमी तुमच्याशी भांडणारच हाय, पण असलं कापून जिंकायचं न्हाय आमाला."

त्यानंतर जी टाळी पडली ती मी माझ्या स्पीकरवर ऐकली. आमच्या लोकांनी तुला वाजवली. वकीलसुद्धा वाजवत होता. तू माझी अब्रू परत आणून दिलीस, आणि मी, लोक निघून गेल्यावर वायरी गुंडाळताना, आभार मानायच्या ऐवजी काय म्हणालो? "माझ्या सभेत येऊन टाळ्या नेल्यास."

"तुझ्याच लोकांनी दिल्या की," तू म्हणालास. "ठेवून घे, मला काय करायच्यात?" मग एक वायर तू पण गुंडाळायला घेतलीस. उलटी गुंडाळलीस, मी पुन्हा सोडवली. थोड्या वेळानं म्हणालास, "तू आमचा झालास असं लोकांनी धरलं असतं, तर मी भांडणार कुणाशी?"

पंचायत समितीचं तिकीट तुझंच होतं तेव्हा. गाववाल्यांनी ते काढून घेतलं. हाताला आलेली निवडणूक दुसऱ्याच्या सभेत जाऊन घालवली, म्हणाले. तू त्यावर मला एक शब्द बोलला नाहीस, मीही काढलं नाही. किती सोमवार शेंगा सोलल्या आपण त्यानंतर, आणि ती एक गोष्ट टरफलांखाली तशीच राहिली. आज काढतो. बसू, माझ्यासाठी तू जे केलंस ते मी तुझ्यासाठी केलं असतं का, हे मला नक्की सांगता येत नाही. एवढ्यासाठीही मी तुझ्यावर जळतो. तुला विचार करावा लागला नव्हता. निघालास आणि आलास.

तुला तुमच्या रीतीनं तुझ्याच शेताच्या कोपऱ्यात मातीत बसवलं. कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं. रिंगरोडच्या पलीकडचं शेत. मूठभर माती टाकताना मनात आलं, या गड्यानं शेवटपर्यंत हद्द ओलांडली नाही.

शोकसभेत सगळ्यात शेवटी मला बोलायला सांगितलं. मी माइक हातात घेतला, आणि घे बसू, आयुष्यात पहिल्यांदा मला सुरुवात सुचेना. गुणगान तर सगळ्यांनी करून झालं होतं. मग मला एकच गोष्ट येत होती ती मी केली. म्हटलं, बसूचं म्हणणं असं आहे. आणि तुझी बाजू मांडली. दोन्ही गटांपुढं, आमचे अध्यक्ष पहिल्या रांगेत असताना. कडी वाजवता येईल असं दार. आरक्षणातलं शेत. गायरान. मोठ्या सभागृहात आपल्या चार घरांचा हरवणारा आवाज. हातवारे नाहीत, आवाज चढवला नाही, मला जमत नव्हतं म्हण. वीस वर्षांत जे जे शोधलं ते सगळं ठेवलं. आणि सवयीनं, फोटोकडं वळून, तोंडातून निघून गेलं, "बरोबर सांगितलं का?"

प्रश्न पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला, माझे स्पीकर चांगले आहेत.

पहिल्या रांगेतून अव्वाचा आवाज आला. म्हातारी काठीवर हनुवटी टेकून बसली होती. लेकाच्या हाराकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाली, "थोडं ऱ्हायलं, तम्मा. घरी ये."

लोक हसले आणि रडले, दोन्ही एकदम. मी मंडप उतरवायचा माणसांवर सोपवून तुझ्या घरी गेलो.

अव्वा सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. मी समोर मांडी घातली. ती सांगत गेली तसं सांगतो. तू कोवळ्या वयात शहरात आलास, आमच्याच पेठेशेजारी खोली घेऊन राहिलास, एका दुकानात पोती उचललीस. बोलण्यात कानडी यायचं. गिऱ्हाईक विचारायचं, पावणं कुठलं? खोलीमालक म्हणायचा, पावणं, भाडं. गल्लीतली पोरं म्हणायची, कानडी पावणं. बरीच वर्षं राहिलास, तरी पावणंच. मग रिंगरोडपलीकडं दुकान टाकलंस, थोडी जमीन घेतलीस, आणि तिथल्या पहिल्या ग्रामसभेत गलका चालला असताना एक म्हातारा उठून म्हणाला, गप बसा, आमच्या बसूला बोलू द्या.

"आमचा बसू," अव्वा म्हणाली. "घरी आला आणि जेवला न्हाय त्या दिशी. सारखं तेच सांगत बसला मला. आमचा म्हणाले, अव्वा, आमचा म्हणाले. गावच ऱ्हायलं न्हाय तर त्यो परत कुणाचा?"

मला माझाच आवाज ऐकू येत होता, चांगल्या स्पीकरवरचा. या पावणं, घाबरू नका. वीस वर्षं प्रत्येक स्टेजवर माझं पहिलं वाक्य तेच होतं. लोक त्या वाक्याची वाट बघायचे. आणि तू दर वेळी म्हणायचास, बोलतो की, मालक.

"मला सांगायचं तरी त्यानं," मी म्हणालो.

"सांगितल्यावर तू बंद केलं असतंस," अव्वा म्हणाली. "सांगून बंद झाल्यालं त्याला नको हुतं."

मग एवढं सगळं ऐकूनही, लेक गेलेल्या बाईपुढं बसून, मी काय विचारलं माहीत आहे? तुला माहीतच असणार. मी विचारलं, "मग वकिलाला का बरोबर म्हणाला?"

अव्वा त्या दुःखातही हसली. "त्यो कुठं शोधणार हुता?" म्हणाली, आणि सुनेला हाक मारून मला भाकरी वाढायला सांगितली.

रिंगरोड ओलांडून घरी परतताना मला आणखी एक उमगलं, ते आता सांगतो, कारण तू असतास तर बोलायची हिंमत झाली नसती. दर सोमवारी तू माझी बाजू मांडून विचारायचास, बरोबर सांगितलं का, आणि मी झटकन बरोबर म्हणून टाकायचो, कारण मला माझ्या पाळीची घाई असायची. ते बरोबर खोटं होतं, बसू. त्यातही थोडं राहायचं. पाणी, बस, निधी, सगळं खरं. पण मला हद्द वाढायला पाहिजे होती, कारण तू तिच्या पलीकडं होतास. लोक म्हणायचे, गाववाल्यांचा बसू. मला वाटायचं, आमचा का नाही? एक रस्ता तर होता मध्ये. ते गाव तुला आमचा म्हणतं आणि मी म्हणू शकत नाही, याचा मला राग यायचा. तुझ्या त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात जे दिलं ते मी अख्खी महापालिका ओढून आणून द्यायला निघालो होतो. आणि तोंडानं मात्र म्हणत होतो, या पावणं.

परवा सोमवार होता. सवयीनं मी तुझ्या दुकानी गेलो. वहिनींनी शटर अर्धं वर केलेलं होतं. आणि बाकावर कोण? सुहास वकील. हातरुमाल, अत्तर. बाकासमोर युरियाच्या पोत्यावर मोबाइल उभा करून ठेवलेला. म्हणाला, बसवराजजींची परंपरा आपण पुढं चालवू, तुम्ही आणि मी, लोकांनाही दाखवू. आधी मी त्यांची बाजू मांडतो, तुम्ही सांगा बरोबर आहे का. त्यांच्यानंतर तुम्हालाच ती जास्त ठाऊक.

मी आधी मोबाइल उचलून त्याच्या खिशात घातला. "हितं कापायला काय नसतंय," म्हटलं.

तो शटरकडच्या टोकाला बसला होता, तुझ्या. मी समोर उभाच राहिलो. पहिल्यांदा त्याला समजेना. मग समजलं आणि तो सरकला, रस्त्याकडच्या माझ्या टोकाला. मी तुझ्या जागी टेकलो. वहिनींनी शेंगा-गूळ ठेवला आणि त्या आत गेल्या.

वकिलानं तुझी बाजू मांडली. मुद्दा एक, मुद्दा दोन. शोकसभेत माझ्याकडून ऐकलेलं सगळं त्यात होतं, आणि खरं सांगू, नीटच मांडलं त्यानं. मी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मधल्या एका ठिकाणी तो अडखळला, बहुतेक त्यालाही तुझी आठवण आली असावी. मला तेही आवडलं नाही.

"बरोबर सांगितलं का?" त्यानं विचारलं.

"झकास," मी म्हणालो. "पण थोडं ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

मी गुळाचा खडा त्याच्यापुढं सरकवला. "शोधा की."

हे तुला लिहिलेलं छापून आलं की काय राहिलं ते त्याला समजेलच, वाचतो तो. तेव्हा त्याला बरोबर म्हणावं लागेल आणि मी म्हणेनही, कायदा अव्वाचा आहे. माझी जागा मी त्याला दिलीच आहे, बसू. तुझी मात्र मागितली तरी देणार नाही.